भित्र्या बाईची साक्ष

आक्का गेली हे मला शेजारच्या किराणा दुकानातल्या फोनवर कळलं. ती वाघीण होती, हे मात्र तेराव्याला गावी गेले तेव्हा फलकावर वाचून कळलं. मी आता लेकीकडे नव्या जालन्यात राहते. माझा मुलगा भगवान गावीच असतो, तिथं त्याचं थोडंफार पुढारपण चालतं. मांडवाच्या तोंडाशी त्याने हाताएवढ्या अक्षरांत रंगवून घेतलं होतं, ‘निजामाच्या कोर्टात गर्जना करणाऱ्या, जन्मजात निर्भय वीरमाता, कै. गयाबाई’. वीरमाता! मूल नव्हतं बाईला. चार जणांनी भाषणं ठोकली. ज्यांच्या बापांनी आक्काला वर्षानुवर्षं पाणवठ्यावर बाजूला उभं केलं, त्यांनीच माईकवर गळे काढले. शेवटी भगवान म्हणाला, “माय, तूबी दोन शब्द बोल.” मी हात जोडून मान हलवली. लोकांना वाटलं, म्हातारीला भरून आलं. भरून-बिरून काही आलं नव्हतं, नुसता संताप आला होता, आणि तरी मी गप्प बसले... हे माझं गप्प बसणं फार जुनं आहे. त्याचंच आज लिहायचं आहे.

गयाबाई माझी थोरली जाऊ, मी तिला आक्का म्हणायचे. आमचं गाव तीर्थपुरी आणि शहागडच्या मधलं, गोदावरीपासून कोसभर आत. मी माहेरी चौथीपर्यंत शिकलेली आणि तोंडाची फटकळ. आक्काचं सगळंच उलटं. भिण्यात तिचा हात धरणारं कोणी नव्हतं. ती पालीला भ्यायची, विहिरीत वाकून बघायला भ्यायची, गाभण म्हशीला भ्यायची. थोरल्या दिरांनी, म्हणजे तिच्या मालकाने, ओसरीवर नुसतं खाकरलं तरी हिच्या हातातली परात खाली. बाजारात भाव विचारायचा झाला तरी मला कोपराने ढोसायची, “तू इचार ना.” मी विचारायचे, भांडायचे, वर दोन कांदे जास्तीचे घ्यायचे. घरात मला धीट म्हणत आणि मलाही ते खरं वाटायचं. तोंडाळ असणं निराळं आणि धीट असणं निराळं, हे कळायला मला अंबडच्या कोर्टाचं आवार बघावं लागलं.

निजामाचा अंमल होता. पोलिसाच्या साहेबाला तेव्हा अमीन म्हणत. अमीनसाहेब दौऱ्यावर आले की गावाने दूध, कोंबडी, सरपण, एखादं बकरं फुकटात द्यायचं, असा रिवाज. त्या साली म्हाळू धनगराने मेंढा द्यायला नकार दिला होता आणि पाटील त्याच्यावर डूख धरून होता. चैत्रातली दुपार. आम्ही दोघी जावा भाकरी घेऊन शेताकडे निघालो होतो. पाटलाच्या खळ्यावर कडब्याची मोठी गंजी होती, तिच्या सावलीला थोरले दीर चिलीम ओढत बसले होते. उठताना त्यांनी चिलीम गंजीच्या बुडाशीच झटकली आणि चालते झाले. वारा सुटलेला. आम्ही बांधावर पोचून मागं वळतो तो जाळ! पाटलाच्या भीतीने थोरल्या दिरांनी सांगून टाकलं की म्हाळूला तिथं पाहिला. म्हाळू त्या वेळी नदीच्या अंगाला मेंढरं पाजत होता, पण पाटलाला आणि अमीनला तेवढंच हवं होतं. उर्दूत कागद झाला, थोरल्या दिरांनी त्यावर अंगठा उठवला आणि म्हाळूला दोरी लावून नेलं. घरी सासूबाईंनी आम्हा दोघींना चुलीपुढं बसवून घेतलं. “बायकांनी पाह्यलेलं पाह्यलेलं नसतंय,” त्या म्हणाल्या. एवढ्यावर आमच्या घरातला न्यायनिवाडा आटोपला.

आठ दिवसांनी म्हाळूची बायको आली. ओसरीच्या खाली उभी राहून म्हणाली, “बाई, तुमी दोघी त्या वक्ताला बांधावर व्हत्या. पाह्यलं आसंल तर सांगा वो.” आक्का कवाडामागं थिजून उभी. पुढं झाले ती मी, शिकलेली, भांडखोर, धीट. कमरेवर हात ठेवून म्हणाले, “आमी काय बी पाह्यलं न्हाई. जाय इथून.” आवाज कसा खणखणीत! ती बाई कवाडाकडे बराच वेळ बघत राहिली आणि गेली. त्या दिवसापासून आक्काच्या घशाखाली भाकर उतरेना.

खटला अंबडला होता. थोरल्या दिरांची साक्ष म्हणून गाडी जुंपली, आणि साक्ष सुखरूप पार पडावी म्हणून सासूबाईंनी अंबडच्या देवीला ओटी बोललेली, म्हणून आम्ही दोघीही गाडीत. खोट्या साक्षीसाठी देवीला नवस, बघा! सासूबाईंना टेकडी चढवेना. त्या पायथ्याशी बसल्या आणि खण-नारळ देऊन आम्हाला वर धाडलं. निम्म्या पायऱ्या चढून आक्का थांबली. “मला कचेरीत जायाचंय,” म्हणाली. “तू येती का?” मी तिला वेड्यात काढलं, हात धरून ओढलं, सासूची भीती घातली. ती दुसऱ्या वाटेने खाली उतरू लागली. तिच्या मागं मी कोर्टाच्या आवारातल्या लिंबापर्यंत गेले. खण-नारळ छातीशी धरून मी लिंबाखाली उभी राहिले आणि ती एकटी पुढं गेली.

कोर्ट म्हणजे उघडा व्हरांडा, त्यामुळे सगळं ऐकू येत होतं. थोरले दीर साक्ष देऊन नुकतेच बाजूला झाले होते. आक्का पायरीशी जाऊन म्हणाली, “सायब, म्या पाह्यलंय.” शिपाई हाकलायला धावला. म्हाळूच्या वकिलाने उठून काही विनंती केली. मुन्सिफ, म्हणजे न्यायाधीश, हैदराबादकडचे, चष्मेवाले म्हातारे मुसलमान गृहस्थ होते. त्यांनी हातानेच शिपायाला थांबवलं. “बोलो माई, डरो मत. मर्द का नाम?”

नवऱ्याचं नाव घेतलं की त्याचं आयुष्य कमी होतं, असं आमच्यात मानत. हळदीकुंकवाला उखाण्यात घ्यायचं ते तेवढंच, आणि आक्का तर तेव्हाही तोंडात पदर कोंबायची. कारकुनाला हे पाठ होतं. “कुणीतरी सांगा रे हिच्या मालकाचं नाव,” तो ओरडला. लोक हसले. थोरले दीर घामाघूम होऊन पुढं आले, “सायब, डोस्कं फिरलंय तिचं, मी घरी नेतो...” आक्काने त्यांच्याकडे बघितलं नाही. “अंबादास,” ती म्हणाली. “अंबादास वल्द कोंडीबा. त्यायनीच चिलीम झटकली. धनगर तिथं नव्हता.” नवऱ्याचं आणि सासऱ्याचं, दोन्ही नावं एका दमात. गर्जना कसली, आवाज इतका बारीक की मुन्सिफांनी दोनदा विचारून लिहून घेतलं. मग त्यांनी विचारलं, आणखी कोणी पाहिलं का? मी लिंबाला चिकटले. आक्काने मान सुद्धा वळवली नाही. “म्या पाह्यलं, तेवढं बास,” ती म्हणाली. तिने मला वाचवलं आणि मी वाचले. याचा राग अजून येतो मला, कधी तिचा आणि बहुतेक वेळा माझाच.

म्हाळू सुटला. खोट्या साक्षीपायी थोरले दीर तीन महिने आत जाऊन आले आणि आल्या आल्या त्यांनी आक्काला मळ्यातल्या खोपटात काढलं. गावाने तिचं तोंड बघायचं टाकलं. नवऱ्याचं नाव घेऊन त्याचं आयुष्य खाल्लं म्हणे हिने! थोरले दीर त्यानंतर सव्वीस वर्षं जगले, दुसरी बायको करून, दूध-तूप खाऊन. आणि आता फलकावर काय, तर निजामाच्या कोर्टात गर्जना. अरे, निजामाच्या विरुद्ध कुठं बोलली ती? त्या दिवशी तिचं ऐकून घेणारा एकच माणूस होता आणि तो निजामाचाच मुन्सिफ होता. ती बोलली ती तुमच्या आज्यांच्या विरुद्ध, माझ्या सासूच्या विरुद्ध, माझ्या विरुद्ध.

खोपटात तिचं दुसरंच आयुष्य सुरू झालं. एकटी शहागडच्या बाजाराला जायला लागली, स्वतः भाव करायला लागली. चोरून भेटायला येणाऱ्या बायकांना बांधावर बसवून म्हणायची, “घे नाव. मोठ्यानं घे. कुणी मरत न्हाई.” पोलीस ॲक्शन होऊन निजामाचा अंमल संपला त्या साली गावातल्या एकुलत्या एक मुसलमान पिंजाऱ्याच्या घरावर लोक काठ्या घेऊन चालून गेले. गरीब, कापूस पिंजून खाणारा माणूस, रझाकारांशी त्याचा काय संबंध! आक्का त्याच्या दारात जाऊन उभी राहिली आणि घोळक्यातल्या एकेकाला नाव घेऊन हाक मारायला लागली. पाटलाच्या लेकाचं घेतलं, तेल्याचं घेतलं, आणि माझ्या मालकाचंही घेतलं. नाव ऐकलेला माणूस मागच्या मागं सरकायचा. त्या दिवशी आमचे हे घरी येऊन काठी कोपऱ्यात ठेवून मुकाट जेवले. मी वाढलं. विचारलं काही नाही.

गेल्या दिवाळीनंतर तिला शेवटची भेटले. दोघी उन्हाला बसलो होतो. इतक्या वर्षांत विचारलं नव्हतं ते विचारलं, “आक्का, तुला त्या दिवशी भ्या नाही वाटलं?”

ती दात नसलेल्या तोंडाने हसली. “अगं, मुतले मी तिथं, उभ्या उभ्या. लुगडं समदं वलं झाल्तं. तुला लांबून दिसलं न्हाई का?” मग म्हणाली, “भ्या गेलं की बोलू, म्हणून लई दिस वाट पाह्यली. जाईचना ते. मंग म्हणलं, ऱ्हाऊ दे, संगंच घेऊन जाऊ...” आणि मला कोपराने ढोसून म्हणाली, “तूबी घे की एकदा नाव. मेलेलं माणूस आणिक काय मरंल?” आमचे हे जाऊन तेव्हा अकरा वर्षं झाली होती. मी तोंड उघडलं आणि नुसती हसले. नाव काही निघालं नाही.

परवा भगवान जालन्याला आला. मी हे लिहीत होते ते त्याने वाचलं आणि तोंड पाडून म्हणाला, “माय, ते मुतायचं काढ. अन् बाबाचंबी काढ. चार लोकांत शोभा व्हईल.” का काढू? तिला जन्मजात निर्भय म्हटलं की आपण सगळे सुटतो. ती वाघीण, आपण साधी माणसं, आपल्याच्याने कसं व्हायचं, असं म्हणून घरी जाऊन झोपायला मोकळे. आक्काचं हक्काचं असं एवढंच होतं, तिची भीती, आणि ती भीती बरोबर घेऊन चाललेली ती वाट. तीही तुम्ही रंगाने पुसून टाकलीत. मेलेल्या बाईला लुटलंत तुम्ही.

तेव्हा लिहून घ्या. मी कौसल्या, किसन वल्द कोंडीबा यांची बायको. चिलीम झटकलेली मी पाहिली होती. म्हाळूच्या बायकोला दारातून मी हाकललं. आणि पिंजाऱ्याच्या दारापुढच्या घोळक्यात माझा नवरा काठी घेऊन उभा होता. हात कापतोय, नाव जरा वाकडं आलं असेल. छापणाऱ्याला अक्षर लागलं नाही तर भगवानला विचारा. आता त्यालाही माहीत आहे.