घराला नकार देणारी वहिनी

आमच्या वहिनीनं लग्नाआधी नकार दिला होता.

दादाला नाही. घराला.

काल पहाटे वहिनी गेली. तेव्हापासून फोन येतायत, "फार शांत होत्या हो."
कोण शांत? आमची वहिनी?
तिच्याबरोबर एकदा गावात चक्कर मारलेल्या माणसाला विचारा. एक बिल्डिंग तिच्या तावडीतून सुटली नाही.

सातारला गेलो की राजवाड्यासमोर उभी राहून म्हणायची, "खांब लय देखणे. पण राण्या दुपारच्या वाऱ्याला कुठं बसत असतील?"

आमच्या भागात, विश्रामबागेत, काचेची इमारत झाली तेव्हा म्हणाली, "शोकेसमधी साड्या ठेवत्यात तशी माणसं ठेवल्यात. उन्हाळ्यात शिजतील की गं!"

फक्त नदीवरच्या आयर्विन पुलाला तिनं कधी नावं ठेवली नाहीत. "बांधणारा शाणा. पाण्याला वाट सोडली."

तर नकाराची गोष्ट.

बहात्तरचा दुष्काळ नुकताच सरला होता. मी कॉलेजात होते. आमचे अण्णा फौजेतून सुभेदार म्हणून रिटायर झाले आणि त्यांनी विश्रामबागेत बंगला बांधला. सिमेंट तेव्हा परमिटवर मिळायचं. एकेका पोत्यासाठी हेलपाटे घातले होते त्यांनी. प्लॅन त्यांचा स्वतःचा. जन्मभर बॅरेकी बघितलेल्या, त्यामुळे घरसुद्धा बॅरेकच झालं. सगळ्या खोल्या एका रांगेत, शिस्तीत. शेवटी सैपाकघर.

दादासाठी कोरेगावचं स्थळ आलं. दादानं मुलगी बघितली आणि पसंत केली. नुसती पसंत नाही, येडाच झाला होता.

मग तिचे वडील घर बघायला आले. आमच्याकडं अशा वेळी मुलगी येत नाही.
ही आली.
एस्टीतून वडिलांच्या मागोमाग उतरली आणि सरळ आत. आईनं डोळे मोठे केले, पण बोलली नाही. आई कधीच बोलायची नाही.

अण्णा हौसेनं एकेक खोली दाखवत होते. मोझॅकची फरशी, भिंतीतलं कपाट, सगळं. सैपाकघरात आलो आणि भर दुपारी अण्णांनी लाइट लावला.

ती आईकडं वळली. "आत्याबाई, भाकरी थापताना हितनं काय दिसतं?"

आई म्हणाली, "भिंत."

अण्णा म्हणाले, "सैपाकघरात बाहेरचं बघायचं काय काम?"

"आवं मामा, फौजेत तुमी पहारा देत हुता, तवा तुमाला तरी बाहेरचं दिसत हुतं नव्हं?"

तिच्या वडिलांनी कपाळाला हात लावला. ती मात्र शांतपणे चहा प्यायली आणि जाताना सांगून गेली, "मुलगा चांगला हाय. घर न्हाई. मला न्हाई जमायचं."

अण्णांचा पारा जो चढला! "माझ्या घराला नावं ठेवती? असली सून नगं आपल्याला!"

दादा जेवताना नुसता ताटाकडं बघत बसायचा. मी म्हटलं, "अरे, बोल की अण्णांशी!" तर म्हणतो, "काय बोलू? खरं बोलली ती."
असला आमचा दादा. खरं कळतं, पण तोंडातून शब्द फुटत नाही.

पुढच्या आठवड्यात अण्णा दुसरं स्थळ बघायला कडेगावला गेले.

ते गेले आणि आईनं कोपऱ्यातली पहार उचलली.

मी धावत गेले तर सैपाकघरात नुसती धूळ. आईचा पदर कमरेला खोचलेला. परमिटच्या सिमेंटच्या भिंतीवर घाव घालतीय!

"आगं आई! अण्णा काय म्हणतील? आणि ती मुलगी आता येणार बी न्हाई!"

आई थांबली. दम खाल्ला.
"ती येवो न येवो. मला पायजे खिडकी."

मला पायजे.
आईच्या तोंडून हे दोन शब्द त्याआधी मी कधी ऐकले नव्हते. साडी आणली तरी "कशाला उगीच" म्हणणारी बाई ती.

दादा कामावरून आला. आईच्या हातातली पहार घ्यायला गेला तर तिनं दिली नाही. "तू बाहेरनं फोड," म्हणाली. मी विटा उचलत होते, रडत होते आणि हसतही होते.

अण्णा आले. भिंतीला हे भलंमोठं भगदाड आणि त्यातून संध्याकाळचं ऊन थेट चुलीवर.
आम्हाला वाटलं, आता घर डोक्यावर घेणार.
अण्णा भगदाडाकडं बघत राहिले. मग आईच्या हाताकडं बघितलं. फोड आले होते.

म्हणाले, "फोडलीच हाय तर चौकट तरी सागाची बसवू."

कडेगावचा विषय त्यांनी काढलाच नाही. दोन दिवसांनी टोपी घालून एकटेच कोरेगावला गेले. तिथलं बोलणं ते नंतर जन्मभर प्रत्येक पाहुण्याला सांगायचे.

"पोरी, खिडकी झाली बघ."
"कुणी काढली?"
"तुज्या सासूनं."
"मग येते."

आली. आणि आमची आई बोलायला लागली. पुढं पुढं तर दोघी मिळून अण्णांना बोलायच्या.

आता तो बंगला पाडून तिथं अपार्टमेंट होणार आहे. मला वाटलं होतं, वहिनी रडेल. ती म्हणाली, "पाडा की. बॅरेकच हुती."

गेल्या महिन्यात बिल्डरचा प्लॅन आला. वहिनी अंथरुणावर. तिच्या मुलानं कागद तिच्यापुढं धरला. तिनं बघितलाच नाही, सुनेकडं सरकवला.

सूनबाई म्हणाली, "आई, मला कोण विचारतंय?"

वहिनी म्हणाली, "मी इचारतीया."

त्या प्लॅनवर आता सूनबाईनं पेन्सिलीनं भरपूर फुल्या मारल्यात. बिल्डर कुरकुरतोय. कुरकुरू दे.

वहिनी, तुझ्या नणंदेचा तुला शेवटचा नमस्कार. लय आठवण येईल गं.