तणसाखालचे आलू

माझ्या साडूभाऊंइतका माणसाला दमवणारा माणूस साऱ्या झाडीपट्टीत दुसरा झाला नसेल, आणि झालाच असेल, तर त्याच्या साडूबद्दल मला मनापासून सहानुभूती आहे. मी नागभीडला शाळामास्तर. जन्मभर पोरांना भूगोल शिकवून माणूस जेवढा थकतो, तेवढा मी थकलेला आहेच. पण शाळेने थकवलं नाही एवढं मला माझ्या बायकोच्या थोरल्या बहिणीच्या नवऱ्याने थकवलं, आणि तेही बटाटा या एका विषयावर. आमच्याकडे बटाट्याला आलू म्हणतात. साडूभाऊ हा शब्द असा काही तोंड भरून उच्चारतात की ऐकणाऱ्याला त्यांनी नुकताच एक गरम आलू तोंडात टाकला आहे असं वाटावं. बरं, बाजारात जाऊन किलोभर आणावेत आणि खावेत, असं साधं प्रेम नव्हे. धान कापून झाल्यावर गावातल्या प्रत्येक रिकाम्या बांधीत आलू लागला पाहिजे, हा त्यांचा ध्यास. बांधी म्हणजे आमच्याकडची धानाची खाचरं. कार्तिकात ती मोकळी होतात आणि पुढच्या पावसापर्यंत तशीच पडून राहतात. कोणी लाखोरीच्या डाळीचं बी फेकतो, कोणी तेही नाही.

साडूभाऊ वीज खात्यात लाइनमन होते. सावली गावापासून आत, वैनगंगेच्या अंगाला त्यांचं गाव. नोकरीभर ते खांबावर चढले, आणि त्यांचं म्हणणं असं, की खाली राहणाऱ्या माणसाला आपला मुलूख कधी दिसतच नाही. "मास्तर, फेब्रुवारीत खांबावरून पाहा एकडाव. जिथवर नजर जाते तिथवर बांध्या बोडक्या. जमीन रिकामी, मानूस रिकामा, अन् पावसाळा लागला का डबा बी रिकामा." लहानपणी पावसाळ्यात घरातले तांदूळ संपले की त्यांची आई कण्यांची पेज पाण्याने वाढवत न्यायची. शेवटी शेवटी त्या पेजेत आपलं तोंड दिसायचं, असं ते सांगतात. हे सांगताना मात्र ते हसत नाहीत.

पुढे एका मोठ्या वादळानंतर पडलेल्या तारा ओढायला खात्याने त्यांना महिनाभर ओडिशात पाठवलं. बाकीचे लाइनमन तिथून देवळांचे फोटो घेऊन आले. साडूभाऊ एक युक्ती घेऊन आले. तिथे एका शेतकऱ्याने त्यांना सांगितलं होतं, की धान कापल्यावर ओल असेपर्यंत आलूचं बेणं नुसतं जमिनीवर ठेवायचं, थोडं शेणखत टाकायचं आणि वरून धानाचं तणस, म्हणजे पेंढा, जाड अंथरायचं. नांगर नाही, खोदणं नाही. तीन महिन्यांनी तणस उचललं की खाली आलू. एवढं ऐकून साडूभाऊ परत आले आणि आमच्या सगळ्यांच्या आयुष्यातली शांतता संपली.

त्यानंतर विषय कोणताही निघो, तो तणसाखाली जाऊ लागला. माझ्या मुलीच्या नामकरणाला त्यांनी पाळण्याशी उभं राहून सांगितलं, की पोरीला सहा महिन्यांनी पहिला घास भाताचा नको, कुस्करलेल्या आलूचा द्या. आमचे मामेसासरे वारले तेव्हा पुण्यानुमोदनाच्या कार्यक्रमात थोरले जावई म्हणून त्यांना दोन शब्द बोलायला सांगितलं. ते उठले, डोळे पुसले आणि म्हणाले, "मामा लय चांगले होते. पन जिंदगीभर सकाळी भात, सांजच्याले भात. एका पायावर मानूस किती येळ उभा राहीन? धान हा एक पाय झाला. दुसरा पाय..." इथे मी त्यांचा सदरा मागून ओढला. तरी पुढची वीस मिनिटं ते दुसऱ्या पायाविषयीच बोलले. गाथा म्हणायला आलेल्या भंतेजींनी डोळे मिटून घेतले. ते ध्यानासाठी की कशासाठी, मला सांगता येणार नाही.

एवढं करून आलू येत होते म्हणावं, तर तेही नाही. पहिल्या वर्षी त्यांनी आपल्या बांधीत बेणं मांडलं, तणस अंथरलं आणि समाधानाने घरी येऊन जेवले. धान निघालं की आमच्याकडे गुरं मोकळी सोडतात. दुसऱ्या दिवशी जाऊन पाहतात तर गावातली सगळी गुरं पंगतीला बसल्यासारखी बांधीत उभी. साडूभाऊंनी एका गाईला हटकलं, तिने ऐकलं नाही, तेव्हा ते तिला समजावून सांगू लागले. हे मी ऐकीव सांगत नाही, मी धुऱ्यावर, म्हणजे शेताच्या बांधावर, उभा होतो. "अवो माय, हे तुयं खानं नोहे, पांघरून हाये पांघरून," असं ते तिला म्हणत होते, आणि ती पांघरूण खात होती.

दुसऱ्या वर्षी काट्यांचं कुंपण केलं, पण तणस पातळ पडलं. आलू आले खरे, पण ऊन लागून हिरवे झाले. हिरवा आलू खाऊ नये हे मला भूगोलाच्या मास्तरालाही ठाऊक होतं, पण "थोडासा हिरवा हाये, काय होते?" म्हणत त्यांनी भाजी करायला लावली आणि आग्रह करकरून वाढली. त्यानंतरचे दोन दिवस आम्ही दोघे साडू आळीपाळीने परसात जात होतो. वाटेत भेट झाली की तेवढ्यातही ते म्हणत, "तणस कमी पडलं ना मास्तर, बाकी काई नाई."

तिसऱ्या वर्षी रानडुकरं आली. कोणीतरी सांगितलं, शेताभोवती लुगडी बांधली की डुकरं माणूस समजून येत नाहीत. साडूभाऊंनी घरातली जुनी लुगडी बांधली. ती पुरली नाहीत म्हणून पेटीतली काढली. मोठ्या बाई, म्हणजे माझी मेहुणी, डबा घेऊन शेतावर गेल्या तेव्हा त्यांच्या लग्नातलं पांढरं पातळ पळसाच्या झाडापासून खुंटापर्यंत ताणलेलं होतं. त्यांनी डबा धुऱ्यावर ठेवला, पातळ सोडलं, घडी केली आणि घरी आल्या. संध्याकाळी एवढंच म्हणाल्या, "माह्या लग्नाचं पातळ डुकराईले दाखवाले नेसली होती का मी?" साडूभाऊ आठ दिवस घरात पाय न वाजवता चालत होते. डुकरं यायची ती आलीच.

सगळ्यांत मोठा छळ बेण्याचा. आमच्याकडच्या उन्हाळ्यात माणूस टिकत नाही, तिथे आलू काय टिकणार? पण दरवर्षी बाहेरून बेणं आणणं त्यांना मान्य नव्हतं. टोपल्यात भरून विहिरीत टांगून पाहिलं. रेतीत पुरलं. एका मे महिन्यात मी सहकुटुंब पाहुणा गेलो, तर घरातला एकुलता एक कूलर मधल्या खोलीत, खोलीचं दार बंद, आणि आम्ही सगळे ओसरीवर घामाने निथळत. आत कोण आहे म्हणून विचारलं, तर आत बेणं झोपलं होतं. माझ्या सासूबाई तेव्हा तिथेच होत्या. भिंतीला पाठ लावून पदराने वारा घेत त्या म्हणाल्या, "जावयानं सासूले उठवलं अन् आलूले झोपवलं." एवढं करून चौथ्या आठवड्यात खोलीतून असा वास सुटला, की शेजारी विचारपूस करायला आले. शेवटी हार मानून साडूभाऊ बेणं नागपूरच्या शीतगृहात ठेवू लागले. न्यायला मी, आणायला मी. रेल्वेच्या डब्यात आलूच्या पोत्यावर बसून मी जेवढा प्रवास केला, तेवढा नकाशावरही केला नसेल.

गावात त्यांना 'आलूबाबू' म्हणत. त्यात सगळ्यांत पुढे शेजारच्या सुमनबाई. नवरा वारलेला, तीन पोरी, दोन बांध्या, आणि जीभ अशी की लाइनमनलाच झटका बसावा. "आलूबाबू, यंदा तुमी खाल का डुक्कर खाईन?" असं त्या रस्त्यावरून ओरडून विचारत. मग चौथ्या-पाचव्या वर्षी आलू नीट आले, चांगले आले. साडूभाऊंनी घरोघर टोपलंभर वाटले. लोकांनी खाल्ले, छान आहेत म्हणाले, आणि कार्तिकात आपल्या बांध्या तशाच ठेवल्या. त्याच हिवाळ्यात डॉक्टरांनी साडूभाऊंना साखर आहे म्हणून सांगितलं आणि आलू बंद केला. मी हसलो. ते म्हणाले, "हसा. मी माह्यासाठी थोडीच लावून राह्यलो."

त्यानंतरच्या एका श्रावणात वैनगंगा फुगली. वरच्या धरणाचं पाणी आणि पाऊस एकाच वेळी आले, आणि गावातली नदीकाठची सगळी बांधी आठवडाभर पाण्याखाली राहिली. पाणी उतरलं तेव्हा धान काळं पडून चिखलाला चिकटलं होतं. मी भेटायला गेलो. सुमनबाई धुऱ्यावर बसून नुसत्या पाहत होत्या. साडूभाऊंनी पहिल्यांदाच माझ्यासमोर आलूचा उल्लेख केला नाही. मला ते सहन झालं नाही; चहा न घेता मी उठलो.

कार्तिक लागला तेव्हा सुमनबाई साडूभाऊंच्या अंगणात आल्या. हे मोठ्या बाईंनी मला सांगितलं. सुमनबाई उंबऱ्याबाहेरच उभ्या राहिल्या आणि म्हणाल्या, "भाऊ, मले बी चार ओळी लावून द्या. पोरीइले उन्हाळ्यात काय घालू?" आलूबाबूचं भाऊ झालं होतं. दोन दिवसांत आणखी आठ-दहा घरं आली. बेणं होतं, शीतगृहात साडूभाऊंची पोती होती. पण तणस नव्हतं. धानच गेलं, तर तणस कुठून येणार?

तेव्हा ते नागभीडला माझ्याकडे आले. आमच्या बाजूचं धान वाचलं होतं. तीन दिवस मी शाळेची रजा टाकून त्यांच्यामागे खळ्याखळ्यावर फिरलो. साडूभाऊ प्रत्येकाला हात जोडून म्हणत, "जय भीम. भाकर नाई मागून राह्यलो, तणस मागून राह्यलो." कोणी दिलं, कोणी आधी दहा प्रश्न विचारले आणि मग दिलं. मी ट्रॅक्टरवर तणस भरलं. माझ्या अंगाला जी खाज सुटली ती पुढे पंधरा दिवस गेली नाही, आणि वर्गात भूगोल शिकवताना मी फळ्याच्या कडेला पाठ घासत होतो. तिकडे साडूभाऊंच्या गावाने बैठक घेतली आणि त्या हंगामापुरती गुरं बांधून ठेवायचं ठरवलं. पाळी लावून दिवसा राखण केली, कारण अंधार पडल्यावर वाघाच्या भीतीने शिवारात कोणी थांबत नाही.

बेणं वाटता वाटता संपलं. साडूभाऊंची स्वतःची बांधी त्या वर्षी बोडकी राहिली. मी विचारलं तर म्हणाले, "मले तं डॉक्टरनं मनाच केलं हाये."

माघात सुमनबाईंनी मला आवर्जून बोलावलं. त्यांनी तणस बाजूला सारलं आणि खाली मातीवर आलू पडलेले, स्वच्छ, कोणी अंडी घालून ठेवावीत तसे. त्यांच्या धाकटीने एक उचलला आणि गालाला लावला. सुमनबाई तोंडाला पदर लावून उभ्या राहिल्या. सगळ्यांचेच असे आले असं नाही. कुठे करपा पडला, कुठे डुकरं शिरली. पण त्या पावसाळ्याच्या तोंडापर्यंत गावात सकाळची चूल पेटत राहिली. साडूभाऊ धुऱ्यावर उभे होते. मला वाटलं आता भाषण होणार. ते म्हणाले, "चला मास्तर, ऊन लागून राह्यलं."

याला आता काही वर्षं झाली. गेल्या महिन्यात मी गेलो होतो. साडूभाऊंचे गुडघे गेले आहेत. धुऱ्यावरून उतरवत नाही म्हणून ते अंगणात प्लास्टिकच्या खुर्चीवर बसून असतात. गावात येताना रस्त्याच्या दोन्ही बाजूंना मला तणसाने झाकलेल्या दहा-बारा बांध्या दिसल्या होत्या. मी उत्साहाने ते सांगितलं. ते म्हणाले, "हो, लावले म्हन्तेत." मग गुडघे चोळत म्हणाले, "सुमनबाईनं लावले, तिचं पाहून बाकीच्याईनं लावले. बेनं बी त्याईनंच आनलं. मले कोनी विचाराले आलं नाई यंदा."

"विचारायची गरज राहिली नाही, म्हणजे चांगलंच झालं ना," मी म्हणालो.

"चांगलंच झालं," ते म्हणाले आणि रस्त्याकडे पाहू लागले.

मोठ्या बाईंनी चहा दिला. तो आम्ही प्यायलो. ज्या माणसाने गप्प बसावं म्हणून मी अर्धं आयुष्य झुरलो, तो माझ्यासमोर गप्प बसला होता. माझी एसटी यायला फार वेळ नव्हता. मी पिशवी उचलली, पुन्हा खाली ठेवली. माझी नागभीडला एक वीतभर जमीन नाही, हे त्यांना माझ्याइतकंच ठाऊक आहे.

"साडूभाऊ," मी म्हणालो, "बेणं अख्खंच लावायचं, की कापून?"

त्यांनी माझ्याकडे पाहिलं. खुर्चीच्या हातावर जोर देऊन जरा ताठ बसले.

"त्याचं असं हाये मास्तर," ते म्हणाले, "आधी आलूचे डोये पाहाचे."

रस्त्यावर एसटीचा हॉर्न वाजला. मोठ्या बाईंनी आतून आवाज दिला, "मास्तर, गाडी आली वो!" मी खुर्ची जरा त्यांच्या जवळ ओढली.