टॉवेलाखालचा शूटिंगवाला

काष्टीतल्या लग्नात शूटिंगला आलेल्या त्या माणसाचं नाव मी विचारलंच नाही. स्वतःच्या डोक्यावर आणि कॅमेऱ्यावर मिळून तो एकच टॉवेल घ्यायचा, आत तोंड घालून कॅमेऱ्याच्या छोट्या स्क्रीनवर बघायचा आणि आतूनच ओरडायचा, "ओ नवरदेवाचे दोस्त, मागं सरका की! उन्हानं तुमचे पांढरे सदरे स्क्रीनवर जळाय लागलेत हितं!" बायकांना हसू आवरत नव्हतं.

नवरी माझीच मुलगी. तिनं स्वतः जमवलेलं हे लग्न मला मान्य नव्हतं आणि वर्षभर मी तिच्याशी बोललो नव्हतो. आज हे सांगून टाकतो. ती उघड्या स्टेजवर, भर उन्हात होती. मी मागे कनातीच्या सावलीत, अक्षता पडल्या की निघायच्या बेतात.

तो पाणी प्यायला माझ्याजवळ आला. मी म्हणालो, "मला घेऊ नका. तसाही या सावलीत काळाच दिसेन."

"व्हय, आत्ता काळंच दिसणार. मी उन्हाच्या हिशेबानं कॅमेरा लावतो, काका. उजेड जास्त घेतला तर पोरीचं तोंड पांढरंफटक पडतं, ते मग कशानंच परत येत न्हाई. सावलीतलं मानूस मात्र कॅमेऱ्यात असतंय. नंतर कॉम्प्युटरवर उजळून वर काढता येतं."

"माझंही तोंड वर निघेल?"

माझ्या हातातल्या स्कूटरच्या किल्लीकडे बघत त्यानं टॉवेल परत डोक्यावर ओढला. "थांबलात तर. निघून गेल्यावर काय काढू?"

मी किल्ली खिशात टाकली.

व्हिडिओत मी अजूनही थोडा काळपटच दिसतो. पण पाठवणीच्या वेळी माझ्या खांद्यावर टेकलेलं मुलीचं डोकं स्पष्ट दिसतं.