बैठकीतला कापूस
समस्त जनतेला गांभीर्यानं कळवतो की अमेरिका आणि चीनच्या भांडणात आमच्या पुतणीचं लग्न मोडता मोडता राहिलं. कच्च्या कापसाचा वास आला की नांदूरघाटची ती दुपार आठवते. ‘ते दोघं भांडायलेत, चीन आता आपलाच कापूस घेतो, भाव लई चढतो बघ,’ म्हणत थोरल्या भावानं कापूस न विकता बैठकीत आढ्यापर्यंत रचलेला. त्यात बारीक किडे झालेले. पुतणीला बघायला आलेले पाहुणे पोहे खाताखाता भिंतीला पाठ घासत होते. मुलगा तर तिच्याकडं बघायचं सोडून पोटऱ्या खाजवत होता. वहिनी रडकुंडीला आली, तरी भाऊ चीनवरून हटेना. अखेर मुलाचे वडील ताडकन उठले. ते ओरडले, ‘पोरगी पसंत हाय, पर सुपारी आमच्या घरी फोडू, आमी औंदा सोयाबीन लावलंय!’