डाव्या गालावरची रेघ

व्हर्लिन स्टॉट्सला पुरलं त्या दिवशी क्लबातली सगळी माणसं करडी चिलखतं आणि हेल्मेटं घालून आली होती. खड्ड्याच्या दोन्ही अंगांनी रांग करून उभी. दिसत होतं छान, खोटं कशाला बोलू. चर्चमधली एक बाई माझ्या कानाशी येऊन म्हणाली, "ड्रेमा, ह्या सगळ्यांच्या डाव्या गालावर ती काळी रेघ कसली गं?" म्हणलं, घरी ये, सांगते. ती काही आली नाही. म्हणून लेटा, आजीचं ऐक, तू लिहून घे.

व्हर्लिन आमच्या पलीकडच्या घरातला. हिवाळ्यात बर्फ ढकलायचा ट्रक चालवायचा, उन्हाळ्यात इथल्या रस्त्यांचे खड्डे बुजवायचा. बाप रबराच्या कारखान्यात उभ्या उभ्या गेला, आई अंथरुणात हळूहळू गेली. लग्न नाही. बोलणं म्हणशील तर "हो मावशी" आणि "नको मावशी" एवढ्यात त्याचा दिवस निघायचा. वेड मात्र एकच. आम्ही तरणे होतो तेव्हा टीव्हीवर पहारेकऱ्यांची मालिका लागायची. आकाशात कुठंतरी चौकी, आणि तिथं करडी चिलखतं घालून उभे राहणारे शिपाई. वर्षभरात बंद पडली ती. पण तिच्यापायी वेडी झालेली माणसं शिल्लक राहिली ना! त्यांचाच हा क्लब.

त्यांचा नियम एकच, पडद्यावर जसं होतं तसंच्या तसं. आता मालिकेतल्या त्या खऱ्या हेल्मेटाचा उजवा डोळा डाव्यापेक्षा खाली होता. घाईत कुणीतरी वाकडा कापलेला. तर ह्यांनीही वाकडाच कापायचा. सरळ कापलात की नापास! चिलखताच्या आत घालायचे काळे कपडे मी त्यांना शिवून द्यायची. पहिल्यांदा एकाला गळपट्टी चांगली नीट शिवून दिली, तर दुसऱ्या दिवशी रडकुंडीला येऊन दारात.

"मावशी, शिवण तिरकी पाहिजे. पडद्यावर तिरकी आहे."

"अरे, तो शिंपी दारू पिऊन बसला असेल!"

"मग तुम्हीही तशीच घाला. प्यायल्यासारखी."

अशी ही माणसं. हसू यायचं, पण वाईट नव्हती. निदान मला तसं वाटायचं.

पास-नापास ठरवायचा डेंटन प्रुइट. जाडजूड, मोठ्यांदा हसणारा, सगळ्यांना अंगणात बोलावून मांस भाजून खायला घालणारा. हेल्मेटाचा साचा त्याच्याकडेच होता. जवळजवळ सगळे त्याच्याकडूनच हेल्मेट घ्यायचे. कुणी स्वतः बनवून आणलं तर डेंटन ते हातात फिरवायचा, एक जुना फोटो शेजारी धरायचा आणि सांगायचा, इथं चुकलं, तिथं चुकलं, घरी जा.

जुलैच्या मिरवणुकीत त्यांची रांग चालायची. व्हर्लिनला त्या रांगेत जागा पाहिजे होती. सगळ्या जन्मात त्यानं दुसरं काही मागितलेलं मला आठवत नाही. डेंटनचं हेल्मेट घेतलं असतं तर सरळ रांगेत गेला असता. पण नाही, ह्याला स्वतःच्या हातानं करायचं होतं. डेंटनकडे गेला, विचारलं, कशावरून करू? डेंटननं तो फोटोच त्याच्या हातात ठेवला. "हा घे. थेट पडद्यावरचा. दुसऱ्या कशाकडे बघूसुद्धा नकोस."

सगळा हिवाळा त्यात गेला. आधी मातीचं डोकं घडवलं, त्यावरून साचा घेतला, मग प्लास्टिकचा पत्रा आईच्या ओव्हनमध्ये मऊ करून त्या साच्यावर ओढायचा. फाटला की दुसरा. असला वास सुटायचा की तुझा आजोबा म्हणायचा, "आज व्हर्लिन बाथटब भाजतोय काय गं?" मग फटींत लांबी, ती पुट्टी गं, भरायची, घासायची, परत भरायची, परत घासायची. बोटांची कातडी गेली होती त्याची, ट्रकचं चाक धरताना तोंड वाकडं करायचा.

एक दिवस मला हाक मारून नेलं. हेल्मेट टेबलावर होतं. काय सांगू तुला! दुसऱ्यांची मी इतकी बघितली होती, पण हे बघून वाटलं, आता हे मान वळवणार.

"मावशी, इथं बघ," म्हणला. डाव्या कानाखाली तांदळाच्या दाण्याएवढा खळगा. "फोटोत आहे. कुणाच्या ध्यानातच आला नसता. बनवणाऱ्याचं बोट लागलं असेल बघ त्या वेळी." आईच्या लोकरीच्या सुईचं गोल टोक घेऊन तो खळगा त्यानं दाबला होता. असा हसत होता, जसं काही त्या बनवणाऱ्याशी हात मिळवून आलाय.

मार्च सरता सरता अग्निशमनवाल्यांच्या हॉलमध्ये बैठक होती. मी कपडे पोचवायला गेले होते. जेवण मांडलेलं, बार्बर्टन गावची तळलेली कोंबडी, तिखट भात, बटाट्याचं सॅलड. व्हर्लिननं हेल्मेट डेंटनच्या हातात दिलं. डेंटननं फिरवलं. कपाळ बघितलं, डोळे बघितले, आणि त्याचं हसू जरा मावळलं, मी बघत होते. ते त्याच्या हेल्मेटापेक्षा चांगलं होतं आणि ते त्याला कळलं. मग त्याचं बोट कानाखाली जाऊन थांबलं.

"हा खळगा कुठून आणलास?"

"पडद्यावर आहे."

"पडद्यावर नाही बाबा. हा मी केलाय. माझ्या साच्यात, मुद्दाम. चोर सापडावा म्हणून."

हॉलमध्ये चमचे थांबले. त्या लोकांत दुसऱ्याच्या हेल्मेटावरून साचा उतरवून ते आपलं म्हणून मिरवणं ह्याच्याइतकं मोठं पाप नाही. बायको पळवली तर बोलतील, पण साचा चोरला तर नाव टाकतील.

व्हर्लिनला आधी काही उमगेचना. मग त्यानं खिशातून फोटो काढला. "पण हा... तूच दिलेला. ह्यात आहे तो. हे बघ."

डेंटननं फोटो बघितला. मी त्याच्या तोंडाकडे बघत होते लेटा. त्याला कळलं. तो फोटो पडद्यावरचा नव्हताच, त्याच्याच हेल्मेटाचा होता. आणि तोच फोटो शेजारी धरून त्यानं इतकी वर्षं माणसं नापास करून घरी पाठवली होती. हे कबूल केलं तर त्याचं काय राहिलं?

"असला फोटो मी कुणाला दिलेला नाही," म्हणला. आणि खिशात घातला. स्वतःच्या.

मला राहवलं नाही. गळ्यात टेप होतीच. त्यांच्याच तोंडून ऐकलेलं होतं, की हेल्मेटावरून साचा उतरवला तर आतून निघणारा माल आक्रसतो, मूळच्यापेक्षा लहानच भरतो. म्हणलं, आणा डेंटनचं इकडे. दोन्ही मोजली, सगळ्यांच्या देखत. व्हर्लिनचं चांगलं बोटभर मोठं निघालं.

"बघा! चोरलेलं असतं तर लहान नको भरायला?"

डेंटन म्हणाला, "मावशी, तुमची टेप तुमच्याएवढीच म्हातारी आहे. ताणली असेल." आणि हसले गं सगळे. कोंबडीचे तुकडे तोंडात ठेवून हसले. सगळ्यांनी टेप बघितली होती. पण अंगणातलं भाजलेलं मांस डेंटनचं, साचा डेंटनचा, आणि व्हर्लिन कोण? खड्डे बुजवणारा.

हात वर करायला सांगितले. सगळे वर गेले. काहींनी ताटात बघत वर केले, पण केले.

मग डेंटन एकदम मायाळू झाला. "आपण काही त्याला हाकलत नाही. मदतनीस म्हणून राहू दे. पण चोरीचा माल फुटला पाहिजे, आणि ज्याचा त्यानंच फोडायचा. नियम आहे." कुणीतरी हातोडी आणून दिली.

व्हर्लिननं हातोडीकडे बघितलं आणि विचारलं काय माहितीय? "मग मिरवणुकीत असेन ना मी?"

"असशील की," डेंटन म्हणाला.

पहिला घाव त्यानं असा घातला, जसं कुणी झोपलेल्या लेकराला चापट मारावी. डाव्या डोळ्यापासून हनुवटीपर्यंत एक रेघ गेली, मध्ये जरा वळली, बास. "नीट मार रे," मागून कोण तरी ओरडलं, "बर्फ ढकलतोस ना?" मग त्यानं मारलं. मारतच राहिला. थांब म्हणायलाही कुणाला सुचलं नाही.

मी झाडू घ्यायला वाकले तर डेंटन म्हणाला, "राहू दे मावशी, कचरा मी टाकतो." खोक्यात एकेक तुकडा वेचून भरला त्यानं. इतक्या जपून कचरा भरणारा माणूस मी आजवर बघितला नाही.

तर व्हर्लिन मदतनीस झाला. त्या हेल्मेटातून पायाखालचं काही दिसत नाही, म्हणून मिरवणुकीत प्रत्येकाला धरून न्यायला कुणीतरी लागतं. डेंटननं व्हर्लिनला स्वतःसाठी घेतलं. साध्या काळ्या शर्टात व्हर्लिन त्याचा कोपर धरून चालायचा. "पायरी आहे. आता उतार. डावीकडे खड्डा." खड्डे त्याच्याइतके कुणाला ठाऊक? सगळे त्यानंच भरलेले. नळी लावून पाणी पाजायचा, घाम पुसायचा. लोक टाळ्या वाजवायचे त्या डेंटनला.

एका उन्हाळ्यानंतर डेंटननं नवं हेल्मेट आणलं. म्हणे खूप अभ्यास करून आधीच्यातल्या चुका काढल्यात. सगळे तुटून पडले. काय ते कपाळ, काय ते डोळे! कानाखाली खळगा नव्हता, तो लांबीनं बुजवलेला. पण डाव्या गालावर, डोळ्यापासून हनुवटीपर्यंत, एक बारीक रेघ राहिली होती. खोक्यातले ते तुकडे जोडताना बाकीचे सांधे बुजले, पण ही रेघ साच्यात उतरली, ती काही गेली नाही.

"ही कसली?" कुणीतरी विचारलं.

डेंटन अडखळला नाही. "पडद्यावर आहे. धुराचा प्रसंग बघा नीट."

घरी जाऊन बघितला सगळ्यांनी. आणि दिसली गं त्यांना! एकानं तर टीव्ही थांबवून फोटो काढून आणला, नुसता धूर होता त्यात. पण आता नियमच झाला. रेघ काळ्या रंगानं भरायची. नसेल तर नापास.

मिरवणुकीला सगळे उभे राहिले तेव्हा मी व्हर्लिनच्या शेजारी होते. ओळीनं ती तोंडं, आणि प्रत्येकावर त्याचा तो पहिला घाव.

"व्हर्लिन, हे तुझं आहे."

"माहितीय मावशी."

"मग बोल ना!"

"बोललो तर हातोडी परत कुणाच्या हातात देतील?" म्हणला, आणि डेंटनच्या पाण्याची बाटली भरायला गेला.

नेडीन म्हणून शाळेची बस चालवणारी एक बाई पुढं क्लबात आली, हेल्मेट घरीच बनवून. डेंटननं तिला त्या रेघेवरून दोनदा परत पाठवलं. माझ्या शिवणाच्या खोलीत बसून रडत होती. "मावशी, मला धुरात काही दिसतच नाही. मी काय आंधळी आहे का? कशी काढू?" व्हर्लिन पँटची लांबी कमी करून घ्यायला आला होता. म्हणला, "आण इकडे, ताई."

बारीक ब्रश घेतला. डोळ्यापासून सुरू केली. "इथं जाड नाही करायची. इथं जरा वळते, कारण हात कचरला."

"कुणाचा हात?"

"करणाऱ्याचा."

नेडीन पास झाली. डेंटननं रेघेवरून बोट फिरवलं आणि म्हणाला, "आता कशी बरोबर आली!" मग तर ज्याला त्याला व्हर्लिनकडूनच रेघ काढून पाहिजे असायची. सगळ्यांना काढून दिली त्यानं. मरेपर्यंत.

आणि ती सगळी त्याच्या कबरीपाशी उभी होती. डेंटन बोलला, व्हर्लिनसारखा मदतनीस होणे नाही वगैरे, हेल्मेटातून नीट ऐकूही येत नव्हतं. माती पडली. लोक उताराकडे निघाले. डेंटननं एक पाऊल टाकलं, थांबला, आणि त्याचा हात सवयीनं बाजूला आला. पंजा उघडा, कुणीतरी धरेल म्हणून. हवेत चाचपडत होता.

शेजारी मीच होते. मी माझे दोन्ही हात कोटाच्या खिशात घातले.