पद्मासनाचं माप

लासुर्ण्याच्या अलीकडं पाटाच्या कडेला दत्तोबांचं वांग्याचं रान होतं आणि पोटात कायमचा शूळ होता. रान गोजरबाई सांभाळायची, शूळ दत्तोबा सांभाळायचे. छत्तीस साली एका बैराग्यानं वस्तीवरच्या महादेवाच्या देवळात पावसाळाभर मुक्काम ठोकला, गोजरबाईच्या भाकऱ्या हाणल्या आणि बदल्यात तिच्या नवऱ्याला आसनं शिकवली.

पहाटे, अनशापोटी, चौपदरी घोंगडीवर. आधी उताणं पडून गुडघे पोटाशी आवळायचे, ते पवनमुक्तासन. मग पालथं होऊन तळवे छातीपाशी टेकवायचे आणि श्वास घेत नागासारखी छाती उचलायची, ते भुजंगासन. शेवटी पद्मासन: उजवं पाऊल डाव्या मांडीवर, डावं उजव्या मांडीवर, कणा ताठ, डोळे मिटलेले.

दोन महिन्यांत शूळ पळाला. भानगड एकच राहिली. पन्नाशीच्या गुडघ्यांना पद्मासन जमायचं, पण सुटायचं नाही. मग ते हाक मारायचे, आणि गोजरबाई पिठाचे हात पुसत येऊन एकेक पाय उचलून खाली ठेवायची.

"दावणीच्या बैलाला निदान दावं असतंय," ती म्हणायची, "तुमी बिनदाव्याचं बांधलेलं."

ही गोष्ट नवरा-बायकोतच होती. लोकांना दिसायचं ते एवढंच, की दत्तोबा दोन-दोन तास हलत नाहीत.

त्यात शेजारच्या सारजाची चुकलेली म्हैस नेमकी दत्तोबांनी डोळे उघडले तेव्हाच परत आली. सारजाच्या तोंडाला झाकण कधीच नव्हतं. आठ दिवसांत घोंगडीपुढं नारळ पडायला लागले. दत्तोबांना ते आवडलं, खोटं कशाला बोला! खोबऱ्याची चटणीही त्यांनी मिटक्या मारत खाल्ली.

मग एका सकाळी, डोळे मिटलेले असताना, या गुडघ्यापासून त्या गुडघ्यापर्यंत दोरी ताणली गेली.

"कोण हाय?"

"मी, रावजी. बसा आबा, हलू नका. पाट करतोय तुमाला, सागवानी. माप घेतो."

रावजी देवळाचा कारभारी. बोलणं असं गोड, की नव्या साखर कारखान्यानं शरमावं. दोरी मग टाळूपासून घोंगडीपर्यंत ताणली गेली. पाटाला माणसाची उंची कशाला लागते, हा प्रश्न दत्तोबांना दुपारी पडला.

"अवं," संध्याकाळी गोजरबाई कुजबुजली, "देवळामागं खड्डा खणलाय. चौकोनी. आन् बारामतीहून मिठाच्या चार गोण्या उतरल्यात."

साधुपुरुषाला खड्ड्यात बसवून, भोवती मीठ भरून समाधी देतात, हे शेंबड्या पोरालाही माहीत. दत्तोबा तडक रावजीकडं गेले.

"रावजी, मी जिता हाय."

"व्हय की! शंभर वर्सं जगा. समद्या गावांना समाधी हाय, आपल्याच वस्तीला न्हाय. तुमची इच्छा झाली म्हंजी बसायचं. आमाला कसली घाई?" रावजीनं सुपारी कातरली. "मीठ तेवढं पावसाळ्यात पाझरंल. आन् खणलेला खड्डा रिकामा ठिवू नये, आबा. कुणाला तरी वढतोच त्यो."

दुसऱ्या दिवशी दत्तोबांनी देवळासमोर बसून सगळ्यांदेखत सुकट-भाकरी खाल्ली. बायका हात जोडून म्हणाल्या, "अवधूत झालं!" मग दत्तोबांनी आसनं सोडली. शूळ परत आला, तोंड उतरलं. लोक म्हणाले, "देह ठिवायची तयारी चाललीय."

पंधरवड्यानं नवरा-बायको बैलगाडीत वांग्याच्या पाट्यांमागं बसून बारामतीच्या बाजाराला गेली, ती परत फिरलीच नाहीत. सांगवीला गोजरबाईच्या भावाच्या मळ्यात राहिली. तिथं दत्तोबांनी दार लोटून घेऊन आसनं पुन्हा धरली. शूळ गेला. वर्ष सुखात सरलं.

ज्येष्ठातली सकाळ. गोजरबाई धुणं घेऊन ओढ्यावर गेली होती. दत्तोबा पद्मासनात तिची वाट बघत होते. दार करकरलं.

"आलीस का? सोडव बाई, मुंग्या आल्या."

कुणीतरी त्यांच्या पायांवर डोकं ठेवलं. डोक्याला पटका होता.

"किती हुडकलं, आबा," रावजी म्हणाला.

दाराबाहेर बैलांची घुंगरं वाजली. दत्तोबांनी पायांना हिसका दिला. एकही सुटला नाही. रावजीनं त्यांच्या डाव्या गुडघ्यावर अंगठा टेकला, वीत पसरली. दुसरी वीत. तिसरी उजव्या गुडघ्यावर संपली.

"फरक न्हाय," तो बाहेरच्यांना म्हणाला. "या आत. घोंगडीसकट उचला. सावकाश, आबांचं आसन मोडू नये."