सकाळची वेणी

संगमेश्वरच्या एसटी स्टँडवर आईने खिडकीतून खाऊची पिशवी आत सरकवली आणि म्हणाली, "सासरी कुरकुर करू नको हं. आपल्या घरच्या मुली सोसतात." नव्वदच्या दशकाची सुरुवात होती. नवऱ्याने विरारला, चंदनसारमध्ये, चौथ्या मजल्यावर फ्लॅट घेतला होता आणि माझ्यापेक्षा आईलाच त्याचं कौतुक जास्त. गावात मागे राहिलेल्यांनो, आणि माझ्यासारखं सामान बांधून इकडे आलेल्यांनो, त्या सोसण्याचा मला वीट आलाय म्हणून हे लिहितेय.

मुलगी झाल्यावर माझे सांधे धरले. सकाळी बोटं मिटायची नाहीत, मान वळायची नाही, मनगटं सुजलेली. गावी विहिरीवरून दोन कळश्या घेऊन मी पळत यायचे. इथे मोरीतला मग उचलताना जीव जायचा. दुपारी अंग जरा सैल व्हायचं आणि लोक नेमके तेव्हाच यायचे. "बरी तर दिसतेस!" हे ऐकलं की मला शिसारी यायची. माझी नणंद नालासोपाऱ्याला राहायची. ती माझी बोटं दाबून बघायची, "इथे? की इथे?" मी कळवळले की हसायची. "वहिनी, ही फ्लॅटमधली दुखणी. गावात असतीस तर सुचलं असतं का?"

तिनेच मला तुळिंजला एका माणसाकडे नेलं. कळकट पडद्यामागे बसून तो पांढऱ्या पुड्या बांधून द्यायचा. थोड्याच दिवसांत दुखणं पळालं. मी हौसेने पुरणपोळ्या केल्या. मग चेहरा फुगला, गाल टरारले, ओठांवर लव आली. गणपतीला गावी गेले तर आई मला वाडीभर दाखवत फिरली, "मुंबईचं पाणी मानवलं हो हिला!" मला आरशाची किळस यायची आणि तिला मी कधी नव्हे इतकी छान दिसत होते.

शेवटी ह्यांनी मला माणिकपूरला एका डॉक्टरीणबाईंकडे नेलं. त्यांनी रक्त तपासलं, संधिवात सांगितला. पुड्यांत स्टिरॉइड असणार, म्हणाल्या, आणि त्या हळूहळू सोडवल्या. "हा आजार जाणार नाही, पण आवरता येईल," हे त्यांनी ह्यांच्याकडे बघून सांगितलं.

रिक्षा स्टँडवर ह्यांनी दोन रिकाम्या रिक्षा तशाच जाऊ दिल्या. मला वाटलं, आता माहेरी पाठवतात. नणंदेने तसं सुचवलंही होतं.

"सकाळी सगळ्यात जास्त काय अडतं?" ह्यांनी विचारलं.

"वेणी," मी म्हटलं आणि भर रस्त्यात रडले. दुखण्याबद्दल इतका साधा प्रश्न मला तोवर कुणी विचारलाच नव्हता.

पडद्याच्या गोंड्यांवर हे वेणी घालायला शिकले. पहिल्या वेण्या वाकड्या व्हायच्या, मुलगी हसायची.

पुढे आई मोतीबिंदूच्या ऑपरेशनसाठी आमच्याकडे आली. डोळ्याची पट्टी सुटली आणि दुसऱ्या सकाळी तिने ह्यांना माझी वेणी घालताना बघितलं. "शी! पुरुषासारखा पुरुष, आणि बायकोचे केस विंचरतो? तुला लाज नाही वाटत?" तिचं तोंड असं झालं होतं, जणू ताटात झुरळ दिसलं. ह्यांचे हात थांबले.

"आई, बघवत नसेल तर आतल्या खोलीत बस," मी म्हणाले. "हे इथेच होणार."

ती आत गेली. ठरल्यापेक्षा लवकर गावीही गेली आणि कितीतरी महिने माझ्याशी नीट बोलली नाही.

गावाची ओढ मला अजून आहे. पण तिथे उंबरा ओलांडला की काही दुखत नाही असा चेहरा करावा लागतो, आणि त्या चेहऱ्याची आता मलाच घाण वाटते. घर म्हटलं की मला चंदनसार आठवतं. हे कंगवा घेऊन मागे बसतात, विचारतात, "आज मान वळेल का?" मी नाही म्हटलं, तर कंगवा बाजूला ठेवतात आणि चहा टाकायला उठतात.